बाबांना चहा हवाय म्हणे

मंगळवार, ४ मार्च

ओळखलं! यंत्राने आज बाबांचं पहिलं वाक्य ओळखलं. मी ऑफिसात खुर्चीतून उठून टाळ्याच वाजवल्या. शेजारच्या टेबलावरच्या दाढीने कानावरचा हेडफोन बाजूला करून विचारलं, पगार वाढला का?

वाक्य तरी काय, "खिडकी लाव." पण बाबांच्या तोंडून ते "इई आ" असं काहीतरी बाहेर पडतं. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. डोकं शाबूत, कान शाबूत, राग तर पूर्वीपेक्षा शाबूत, डाव्या हाताने लिहा म्हटलं की पेन भिरकावतात. फक्त बोलणं कुणाला कळत नाही. आईला कळतं. म्हणजे बाबा बोलतात आणि आई सांगते — डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, फोनवर दादाला आणि घरातल्या घरात मलाही. दोन वर्षं मी माझ्या बापाचं प्रत्येक वाक्य आईच्या तोंडून ऐकते आहे.

माणसांचं बोलणं ओळखणारी यंत्रं बनवायची हीच माझी नोकरी. आणि घरात हे! बाबांनी पुन्हा स्वतःचं स्वतः बोलावं, मध्ये कोणी नको. या वर्षी मला दुसरं काहीही नको आहे.

बुधवार, ५ मार्च

आईने विचारलं, हे शिकतं तरी कसं?

सांगितलं. आधी याला हजारो माणसांचं बोलणं ऐकवलेलं असतं, लाखो तास. कोणी शिकवायला बसत नाही. मधलाच आवाज झाकायचा आणि म्हणायचं, ओळख इथे काय असेल. चुकतं, पुन्हा ओळखतं, पुन्हा चुकतं. असं करत बोलण्याचा कानच तयार होतो. मग एखाद्या माणसाचं थोडंसं बोलणं दिलं, सोबत "हा असं म्हणाला" एवढं सांगितलं की त्या माणसापुरतं शिकतं. पूर्वी त्याला ढीगभर रेकॉर्डिंग लागायचं. गेल्या काही वर्षांतल्या कामामुळे आता थोडक्यात भागतं.

आई म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखंच की. मी तरी काय, निम्मं ऐकते आणि निम्मं ओळखते."

हे मी उद्या दाढीला सांगणार. आम्ही एवढे शोधनिबंध वाचतो, इतकं थोडक्यात कुणी मांडलेलं नाही.

"हा असं म्हणाला" हे सांगणं म्हणजे लेबल लावणं. ते आईकडे आहे. खरं तर ऑफिसातली ठरलेली वाक्यं बाबांनी वाचून दाखवायची होती. "आजोबा बागेत फिरायला जातात" वगैरे. बाबांनी चार वाचली आणि कागदाची घडी करून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवली. टेबल तेव्हापासून हलत नाही. मग मी त्यांच्याच परवानगीने त्यांच्या खिशात छोटा रेकॉर्डर ठेवला. रोज दुपारी आई एकेक तुकडा ऐकते आणि मी दिलेल्या लॅपटॉपवर, बाबा काय म्हणाले ते लिहिते. तीन महिने झाले. कंटाळली नाही कधी.

शनिवार, ८ मार्च

शंभरातले ऐंशी शब्द बरोबर! मागच्या महिन्यात निम्मेसुद्धा नव्हते.

एक गंमत. यंत्रातून येणारे बाबा फार सभ्य आहेत. "धन्यवाद." "तुम्ही म्हणाल तसं." "मुलांना त्रास नको." दाढी म्हणतो, किती गोड आहेत गं तुझे बाबा. गोड! ज्या माणसाने गाडी शिकायला आलेल्या एका न्यायाधीशाला भर रस्त्यात खाली उतरवून "आता तुम्हीच सांगा, चूक कुणाची" असं विचारलं होतं, तो गोड? पण आजारपण माणसाला मऊ करत असेल. दोन वर्षांत आईच्या तोंडून मी तरी दुसरं काय ऐकलंय?

बाबांची ड्रायव्हिंग स्कूल होती. निम्मं गाव त्यांच्याकडे गाडी शिकलं. उरलेलं निम्मं चौकातल्या टायवाल्याकडे. तो कसल्याही उन्हात टाय घालून शिकवतो म्हणून हे नाव, बाबांनीच ठेवलेलं. बाबा म्हणायचे, टायवाल्याचा विद्यार्थी मला डोळे मिटूनही ओळखता येतो — गाडी सुरू केली की आधी हॉर्नला हळूच एक टिचकी. रस्त्याची परवानगी मागतात! ती नक्कल ते जेवताना चमच्याने करून दाखवायचे.

स्कूलची गाडी अजून अंगणात आहे, कव्हर घालून. डाव्या बाजूला शिकवणाऱ्याचा क्लच, ब्रेक, सगळं जसंच्या तसं. दादा म्हणतो, विकून टाकू.

यंत्राचं सर्वांत पाठ झालेलं वाक्य मात्र "चहा हवाय." रोज संध्याकाळी बाबा ते म्हणतात, आई कप आणून ठेवते. इतक्या वेळा म्हटलंय की त्यात यंत्र आता चुकत नाही.

रविवार, ९ मार्च

फजिती. करायला गेले काय आणि झालं काय!

यंत्र आता फोनमध्ये बसवलंय. बाबा बोलले की फोन तेच स्पष्ट आवाजात बोलतो. मोफतचा जो आवाज मिळाला तो बातम्या सांगणाऱ्या माणसाचा आहे. सकाळी शेजारचे काका आले. दर रविवारी येतात आणि आठवडाभराचा रक्तदाब तारीखवार सांगतात. म्हटलं, चला, हाच मुहूर्त. फोन बाबांच्या पुढ्यात ठेवला.

काका बुधवारच्या रक्तदाबावर आले तेव्हा बाबा काहीतरी लांबलचक बोलले. फोन म्हणाला, "बसा ना, एवढी काय घाई आहे."

काकांना भरून आलं. दोन वर्षांनी मित्राने थेट त्यांच्याशी बोलावं! ते मागे रेलून बसले. बाबा पुन्हा बोलले, या खेपेला चढ्या आवाजात. फोन म्हणाला, "आज जेवूनच जा."

काका जेवून गेले. शुक्रवारपर्यंतचा रक्तदाब जेवताना झाला, शनिवारचा हात धुताना. बाबांनी आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आईकडे. आई लगबगीने स्वयंपाकघरात गेली आणि तिथे तिला बराच वेळ ठसका लागला.

एवढं खपून मोडकं यंत्र बनवलं की काय मी? फार वाईट वाटतंय.

सोमवार, १० मार्च

प्रोग्राम तीनदा तपासला. काही चूक नाही. दाढीला कालची हकिगत सांगितली. तो हसला नाही. दाढी कुरवाळत एवढंच म्हणाला, "लेबलं कुणी लावली होती?"

आईने.

मग मी हेडफोन लावून नीट ऐकलं. इतके दिवस आकडेच बघत होते, बाप ऐकतच नव्हते! "बसा ना" असं लेबल असलेला तुकडा चांगला सहा-सात शब्दांचा आहे आणि त्यातला सूर बसा म्हणणाऱ्या माणसाचा मुळीच नाही. "धन्यवाद" तर दार आपटल्यासारखं. यंत्र बिचारं काय करणार? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. आईने जे शिकवलं ते अगदी मन लावून शिकलं. मी बाबांचा आवाज बनवायला बसले होते आणि बनवली दुसरी आई.

मंगळवार, ११ मार्च

आईला विचारलं. ती शेंगा निवडत होती. मला वाटलं ओशाळेल. छे!

"मग काय जसंच्या तसं सांगू? मोठ्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी काय म्हणाले होते, ऐकायचंय?" आणि तिने सांगितलं. मी इथेसुद्धा लिहिणार नाही. इतकं हसले की शेंगा सांडल्या.

मग म्हटलं, आई, पण ते त्यांचं बोलणं आहे. दोन वर्षं त्यांचं बोलणं कुणापर्यंत पोचलेलंच नाही. मी रागावले होते, खरंच रागावले होते.

ती शेंगा गोळा करत म्हणाली, "जसंच्या तसं सांगितलं असतं तर काका यायचे थांबले असते. दादाचा फोन यायचा थांबला असता. बोलता येत नाही म्हणून माणसं आधीच कमी होतात गं. उरली होती तेवढी मी धरून ठेवली."

शेंगा निवडत बसले तिच्याबरोबर. शेवटी तीच म्हणाली, काढ त्यांचं खरं बोलणं. मलाही जरा सुट्टी मिळेल.

शनिवार, १५ मार्च

आजचा दिवस सुंदर!

बाबांना सगळं सांगितलं. आईने काय केलं ते त्यांना अर्थातच ठाऊक होतं, कान शाबूत आहेत. मग ठरलं — जुने तुकडे त्यांना ऐकवायचे, आईचं लेबल वाचायचं. बरोबर असेल तर डाव्या हाताने टेबलावर एक थाप, चूक असेल तर दोन. दुपारभर आमच्या घरात तबल्याचा क्लास चालला होता. दोन थापाच जास्त. दादाने गाडी विकायचं काढलं होतं त्या दिवशीचं लेबल, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." दोन थापा, आणि तिसरी नुसतीच! अंदाज करत करत पोचलो ते वाक्य असं निघालं, "गाडीला हात लावलास तर बघ."

शिवाय मी नवी वाक्यं लिहून आणली होती, वाचायला. या वेळी बागेतले आजोबा नाहीत. लहानपणी मागच्या सीटवर बसून जे ऐकलं ते. "आरसा भांग पाडायला नाही लावलेला." "क्लच सोड म्हटलं की सोडायचा, निरोप घेत बसायचं नाही." "ब्रेक तुझ्या पायाखाली आहे, माझ्या तोंडात नाही." बाबांनी पहिलं वाचलं, थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि मग सुटलेच. दम लागला तरी थांबेनात. कागद संपला तेव्हा त्यांनी हात पुढे केला — आणखी दे.

चूक माझीच होती. वाक्यं त्यांची हवी होती.

रविवार, १६ मार्च

आज "चहा हवाय" काढलं. तुकडेच तुकडे, रोजचा एक. पहिला लावला. दोन थापा. दुसरा, दोन थापा. दहावा, विसावा, दोन थापा!

म्हणजे चहा नाहीच? रोज संध्याकाळी हा माणूस दुसरंच काही मागतो आणि समोर चहा येतो आणि तो तो पितो?

विचारलं, मग काय म्हणता? त्यांनी डावा हात उचलून खिडकीकडे दाखवलं. अंगणात कव्हर घातलेली गाडी. मग हवेतच स्टिअरिंग फिरवलं. मग बोट स्वयंपाकघराकडे. मी म्हटलं, आईने गाडी शिकावी? एकच थाप, अशी की टेबलावरचा कप नाचला. आणि कोण शिकवणार? त्यांनी हात छातीवर ठेवला.

माझे डोळे भरले. तशीच आत गेले. आई दूध तापवत होती. विचारलं, बाबा रोज संध्याकाळी काय म्हणतात?

"चहा."

"आई!"

तिने गॅस बारीक केला. "म्हणतात, तू गाडी शीक, मी शिकवतो. मला भीती वाटते बाई. या वयात कुठे ते. सांगितलं असतं तर तूही त्यांच्या बाजूने माझ्या मागे लागली असतीस." आणि वर म्हणते, "चहा आवडतो त्यांना."

बाहेर येऊन विचारलं, बाबा, संध्याकाळचा चहा आवडतो? दोन थापा.

शुक्रवार, २१ मार्च

नवी लेबलं घालून यंत्र पुन्हा शिकवलं. खालचे थर गोठवले. ते जगभराचं बोलणं ऐकून तयार झालेत, त्यांना हात लावायचा नाही. वरचे थर तेवढे बाबांचे. दाढी आपलं काम सोडून दोन दिवस माझ्या शेजारी बसला. आज चाचणीत पहिलंच वाक्य आलं, "हे कुणी लिहिलंय, याला काही कळतं का." दाढी म्हणाला, आता ओळखलं तुझ्या बाबांना.

शनिवार, २२ मार्च

संध्याकाळ झाली. आई सवयीने कप घेऊन आली. बाबा बोलले आणि फोन बातम्यांच्या आवाजात म्हणाला:

"चहा नको. गाडी शीक. मी शिकवतो."

आई कप धरून तशीच उभी. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं वाक्य तिच्या हातातून न जाता खोलीत आलं होतं. ती म्हणाली, मला जमायचं नाही.

"जमणार नाही म्हणणाऱ्यांवरच आपलं घर चाललं," फोन म्हणाला.

आईने पदराने तोंड पुसलं, हसू पुसलं की रडू कोण जाणे. म्हणाली, बघू. मग तो चहा मीच प्यायले.

थोड्या वेळाने दादाचा फोन आला. गाडीला गिऱ्हाईक बघितलंय म्हणाला. बाबांनी जे म्हणायचं ते म्हटलं, बातम्यांच्या आवाजात, शब्द न् शब्द. मला वाटलं, आता हा फोन ठेवणार, आई म्हणत होती तेच झालं. मग दादाचं नाक ओढल्याचं ऐकू आलं. म्हणाला, "बाबा, परत एकदा रागवा ना."

रविवार, २३ मार्च

काका आले. आईचा जीव टांगणीला. रक्तदाब मंगळवारपर्यंत आला आणि फोन म्हणाला, "तुमचा ऐकून माझा वाढतो. पत्ते काढा."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, दोन वर्षं वाट बघतोय कधी म्हणतोस याची! मला तरी दुसरं काय बोलायला सुचत होतं? दुपारपर्यंत खेळले. काका हरले, बाबांनी पत्ते लपवले असा आरोप झाला, फोनने तो फेटाळला. जेवायला मात्र कुणी थांबवलं नाही.

रविवार, ३० मार्च

पहिला धडा!

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, डावा पाय ठणठणीत आहे, खुशाल बसू द्या. मेकॅनिकने बॅटरी बदलली, टायरात हवा भरली. कव्हर निघालं तेव्हा बाबांनी बॉनेटवर हात फिरवला. जुन्या गोदामांच्या मागच्या मोकळ्या मैदानावर आधी मेकॅनिकनेच गाडी नेली, मग आम्हाला सोडून चहाला गेला.

आईने कुठलेसे कापडी बूट घातले होते, झिजलेले. कधीचे म्हटलं तर म्हणे जुनेच आहेत. ती स्टिअरिंगपाशी बसली, सीट पुढे घेतली, किल्ली फिरवली. घाबरली होती बिचारी. हात हॉर्नला लागून बारीकसा आवाजही झाला. मी मागे. बाबांनी एकदम खिडकीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मला वाटलं, रडताहेत. साहजिक आहे, दोन वर्षांनी आपल्या जागेवर बसलेत. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि समोर चिकटवलेला फोन म्हणाला, "क्लच."

गाडी बंद पडली. पुन्हा बंद पडली. "पडू दे. ती रुसत नाही." मग ठेचकाळत निघाली. "आरशात बघ. मी काही पळून जात नाही, मागचं बघ." एक तासभर देशविदेशच्या बातम्यांच्या आवाजात आईला बोलणी बसत होती. मी हसून हसून सीटवर आडवी झाले. आणि आई? बोलणी खाऊन अशी खुलली होती! शेवटी शेवटी तिसऱ्या गिअरपर्यंत पोचली. पहिल्याच दिवशी! याला म्हणतात शिकवणं.

बाबा घरी येऊन दुप्पट जेवले. पडल्या पडल्या घोरायला लागले. त्यांना असं मी आजारपणानंतर पाहिलंच नव्हतं. इतका आनंद झालाय की लिहिताना हात थांबत नाही.

शनिवार, ५ एप्रिल

आईने वळण घेतलं. बाबा म्हणाले, "ठीक." त्यांच्या शिकवण्याच्या तीस वर्षांत याहून मोठी शाबासकी नाही!

रविवार, ६ एप्रिल

आई भाजीला गेली. बाबांनी मला जवळ बोलावलं. डाव्या अंगठ्याने फोनचा आवाज बारीक केला. मग बोलले.

"हिला गाडी येते."

मी विचारलं, कुणाला, आईला?

"टायवाल्याकडे शिकली. मी दवाखान्यात होतो तेव्हा. त्या दिवशी हॉर्नला टिचकी मारली, तेव्हाच कळलं. गाडी मुद्दाम बंद पाडते. माझ्यासाठी."

दवाखान्यात आई रोज सकाळी उशिरा यायची. बस चुकली म्हणे! तिला भीती गाडीची नव्हतीच, टायवाल्याचं नाव निघण्याची होती.

मला हसावं की रडावं कळेना. दोन वर्षांत बाबांना आईपासून काही लपवताच आलं नव्हतं. लपवायचं तरी तिच्याच तोंडून सांगावं लागलं असतं. हे त्यांचं पहिलं गुपित.

अंगणाचं फाटक वाजलं. बाबांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि घाईने म्हणाले:

"तिला सांगू नकोस. अजून रिव्हर्स शिकवायचाय."